अर्जेंटिनातली माशी

नाही, पण मला एक सांगा, ग्रंथपाल बाईनं काय करावं? पुस्तक द्यावं, पुस्तक परत घ्यावं, उशीर झाला तर चष्म्यावरून बघावं, कुणी मोठ्यानं बोललं तर ओठांवर बोट ठेवावं... संपलं काम! पण आमच्या बुरंडिला गावची ग्वेनिथ... अहो बसा ना, उभे का तुम्ही? माशीबरोबर फोटो काढून झाला ना? मग बसा. सॉसेज रोल अजून भट्टीत आहेत, आणि पुढचं गाव इतकं लांब आहे की निघालात तर उपाशीच पोचाल. आणि माझ्या पायांकडे नका बघू. एक चप्पल निळी, एक हिरवी, आहे मला माहीत, डोळे आहेत मला. त्याचंच तर सांगतोय!

तर ही ग्वेनिथ पॅस्को. ग्रंथालयात एवढी पुस्तकं, बिचारी वाट बघत उभी, आणि ही दिवसभर बसते कुठं? तर इंटरनेटवर! तिथं जे जे काही विचित्र, तिरपागडं, ऐकून माणसाचा घास घशात अडकेल असं सापडेल ते ते ही बाई आठवडाभर साठवते आणि शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी अख्ख्या गावाला पडद्यावर दाखवते. वर ईमेलनं घरोघर पाठवते. ज्यानं मागितलं त्याला पाठवते, ज्यानं नको म्हटलं त्याला आठवणीनं पाठवते! आणि सांगणार कसं, तर कुजबुजत. सवय ना, जन्म ग्रंथालयात गेला. उद्या जगबुडी आली तरी ही बाई कानाशी येऊन हळूच म्हणेल, "मर्व्ह, जरा पाय वर घे, पाणी येतंय."

काय काय दाखवलंय तिनं, तुम्हाला सांगतो. बेल्जियममध्ये एक माणूस आहे म्हणे, तो लिफ्टच्या दारांचे आवाज गोळा करतो. ऐकवले आम्हाला. टिंग. टिंग. टुंग. आमच्या गावात लिफ्ट नाही. लिफ्ट कसली, गावात जिना नाही! आणि आम्ही सगळे हातात कप धरून कान देऊन बसलोय, हा टिंग चांगला की तो टुंग चांगला. एक बाई आपल्या जिल्ह्यातल्या यच्चयावत बाकांवर बसून आली आणि तिनं प्रत्येक बाकाला गुण दिलेत. एक जण रस्त्यात पडलेल्या हातमोज्यांचे फोटो काढतो, त्यातही फक्त डाव्या हाताच्या. एके दिवशी तर ग्वेनिथ भलत्याच गंभीरपणे म्हणाली, "मंडळी, वॉम्बॅटची लेंडी चौकोनी असते." अगं बाई! लहानपणी मामाच्या रानात त्या चौकोनी लेंड्यांवरून मी अनवाणी हिंडलोय, माझ्या तळपायांना विचार की! ते तुला परदेशातल्या शास्त्रज्ञांकडून कळलं? मी आपला दर वेळी हात वर करतो आणि एकच प्रश्न विचारतो, की ग्वेनिथ, हे मला माहीत असायची काही गरज होती का?

आणि तरी दर शुक्रवारी मी पहिल्या रांगेत. मग जाणार कुठं? नोलीन गेल्यापासून, नोलीन म्हणजे माझी बायको, सकाळी जाऊन बसावं अशी दुसरी जागा नाही मला. त्या दोघी मैत्रिणी. हा शुक्रवारचा चहा मुळात नोलीननंच सुरू केलेला, लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेटचे केक, तिचे आणि बातम्या ग्वेनिथच्या. आता लॅमिंग्टन दुकानातून येतात. लाकडासारखे असतात. बुडवून खावे लागतात.

बरं, माशीचं सांगायला हवं ना तुम्हाला, नाहीतर काय कळणार? बाहेर उभी आहे ती. हिरवी-निळी, पत्र्याची, डोळे ट्रकच्या जुन्या दिव्यांचे. ती का बांधली? तर शेजारच्या गावानं मोठ्ठा भोपळा बांधला. सिमेंटचा! त्याच्या पलीकडच्यांनी मोठ्ठा मेंढा बांधला, त्याच्या पोटात दुकान काढलं. आमच्या देशात हे असंच आहे हो, रस्त्याकडेला मोठ्ठं काहीतरी असल्याशिवाय गाडीवाला ब्रेकवर पाय ठेवत नाही. आमच्याकडे लोक थांबेनात. मी दुकानात शब्दशः माशा मारत बसलेलो. मग गावाची सभा भरली, कुणी म्हणे मोठ्ठी मेंढी बांधू, कुणी म्हणे मोठ्ठी बाटली, आणि नोलीन मागून उठली आणि म्हणाली, "आपल्याकडे जे खरोखर आहे तेच बांधा ना." प्रत्येक जण तोंडापुढून हात हलवतोय. आणि मग कळलं की प्रत्येक जण काय हाकलतोय!

तर माशी टायनीनं बांधली. टायनी म्हणजे चिमुकला, आमचा वेल्डर. दारातून वाकून येतो, बसला की खुर्ची ओरडते, म्हणून टायनी. आमच्याकडे नावं अशीच ठेवतात. आणि पाटी नोलीननं रंगवली. ती बघा, खिडकीतून दिसते: 'जगातली सर्वांत मोठी माशी'. 'जगातली' केवढ्या मोठ्या अक्षरांत काढलंय ना? तिथंच अर्धी फळी संपली. मग 'सर्वांत मोठी' दाटीवाटीनं, आणि शेवटी 'माशी' इतकी बारीक झाली की बघायला गाडीतून उतरावं लागतं. मी म्हटलं, नोलीन, पुसून पुन्हा काढ. म्हणाली, "कशाला? उतरू दे की लोकांना." आणि उतरतात हो! तुम्ही नाही का उतरलात?

असं सगळं सुरळीत चाललेलं. आणि मग माशी शिंकली.

गेल्या थंडीतला शुक्रवार. ग्वेनिथ उठली, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि नेहमीपेक्षाही हळू आवाजात म्हणाली, "एक जरा... मन घट्ट करा. फिनलंडमध्ये एक निवृत्त दंतवैद्य आहेत. ते जगातल्या सगळ्या मोठ्ठ्या वस्तूंची यादी करतात." आम्ही म्हटलं, करू देत, दात संपले असतील. "त्या यादीत माशी या सदरात आपला पहिला नंबर असायचा. आता दुसरा आहे." तुम्हाला सांगतो, टायनीच्या हातातलं बिस्किट चहात पडलं ते त्यानं काढलं नाही. पहिला नंबर कुणाचा? तर अर्जेंटिनाचा! आपल्यापेक्षा दीड हात लांब!

आणि तिनं फोटो लावला. आकाशातून काढलेला, थेट वरून. लाल माती, मधोमध माशी, पंख पसरून. आमच्या पायाखालची वाळू सरकली, कारण ती माशी... अहो, रंगसुद्धा तोच! हिरवा-निळा! मी ओरडलोच, चोर आहेत, रंग चोरलाय आमचा! टायनीनं मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "वरून सगळ्या माशा सारख्याच." टायनी दिवसाला एवढंच बोलतो, त्यामुळे ते खरं वाटतं.

फोटोच्या कोपऱ्यात कुणाचं तरी परसू दिसत होतं. त्यात कपडे वाळत घालायची छत्रीसारखी गोल फिरणारी दोरी, आमच्याकडे घरोघरी असते तशी. म्हटलं, अच्छा, म्हणजे हेही आमचंच चोरलंय. आणि त्या दोरीवर काय? नुसत्या चड्ड्या. तपकिरी. ओळीनं. आणि एक टॉवेल. बास! मी चष्मा लावून नीट बघितलं आणि सगळ्यांना म्हटलं, बघा, हा अर्जेंटिनावाला विधुर दिसतोय. बाई घरात असती तर चादर दिसली असती, उशीचा अभ्रा दिसला असता, एखादा झगा दिसला असता. याला अभ्रे धुवायचे असतात हेच माहीत नाही. टॉवेल एकच, म्हणजे पाहुणाही येत नाही. या बिचाऱ्याला कधी कुणी जेवायलासुद्धा बोलवत नसेल. चड्डी मात्र चांगल्या प्रतीची आहे, मी हीच घेतो, तिकडेही मिळते वाटतं.

सगळे खो खो हसले. ग्वेनिथ हसली नाही. मला वाटलं, तिला विनोद कळला नाही.

आता हे इथंच राहिलं असतं तर ठीक होतं. पण बाईसाहेबांची ईमेल घरोघर जाते म्हणालो ना? ती कौन्सिलातही जाते. आणि कौन्सिलात आहे हार्टिगन. पाट्यांचा अधिकारी. वय किती, तर माझ्या बुटांपेक्षा कमी, पण नाकावर माशी बसू देत नाही, आणि ती कशी देत नाही ते आमच्या गावात राहून मला आजवर कळलेलं नाही! सोमवारी आला. नाकातून बोलतो. "मर्व्ह, तुमच्या पाटीवरचं विधान आता वस्तुस्थितीला धरून नाही. सार्वजनिक रस्त्यावर असत्य विधान करता येत नाही. 'जगातली' हा शब्द रंगवून टाका आणि 'जिल्ह्यातली' लिहा." मी म्हटलं, जिल्ह्यातली सर्वांत मोठी माशी? अरे, ती तर तुझ्या टोपीवर बसलीय! तो म्हणाला, "मेंढ्यांच्या प्रदर्शनापर्यंत मुदत देतो. नाहीतर मी स्वतः रंग घेऊन येईन."

तुम्ही म्हणाल, एका शब्दाचं काय एवढं? रंगवून टाकायचा. अहो, पण तो शब्द नोलीननं काढलाय! पुढचे सगळे घाईघाईत, दाटीत, पण 'जगातली' तिनं निवांत काढलं, जीभ दातांत धरून, उन्हात, आणि मी शिडी धरून खाली उभा. रोज सकाळी दुकान उघडताना मी आधी ते एक अक्षर... जाऊ दे. सांगूनच टाकतो, मला तिची फार आठवण येते. आणि हा नाकात बोलणारा त्यावर ब्रश फिरवणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टायनीकडे गेलो, म्हटलं, माशी लांब करायचीय. टायनी म्हणाला, "होईल."

आणि झाली! पंखांना नवीन टोकं जोडली. अर्जेंटिनाला मागे टाकून वर हातभर शिल्लक. ग्वेनिथनं फिनलंडच्या दाताच्या डॉक्टरला कळवलं, आम्ही शुक्रवारी ताठ मानेनं चहाला गेलो, आणि ती उठली, चष्मा पुसला... मला तेव्हाच कळलं. दोनदा पुसला की वाईट बातमी. "अर्जेंटिनाची माशीसुद्धा वाढलीय. अजून दीड हातानं पुढेच आहे."

वाढली! पत्र्याची माशी वाढली! फोटो बघतो तर काय, पंखांना नवी टोकं! तीच चकचकीत टोकं! म्हणजे हे लोक आमच्यावर नजर ठेवून आहेत! एवढा मोठा देश, यांना दुसरं काम नाही? मग आम्ही सोंड लावली. टायनीनं जुन्या पाण्याच्या नळाची अशी झोकदार सोंड केली की मुलं घाबरून रडायला लागली. दोन शुक्रवार गेले, आणि ग्वेनिथनं चष्मा पुसला... अर्जेंटिनाच्या माशीला सोंड! मी तिथंच उभा राहून ओरडलो, ग्वेनिथ, हे मला माहीत असायची काही गरज होती का? माझ्या दुकानावर काय आपत्ती येणार ते तू शोधून शोधून आणतेस, तुला दुसरं काही सापडत नाही?

त्यातच आणखी एक. त्याच आठवड्यात मी परसात कपडे वाळत घालत होतो आणि डोक्यावर गुंऽऽ आवाज. आता माश्यांच्या आवाजाला मी दचकत नाही, पण हा भलताच. वर बघितलं तर सूर्य डोळ्यात, आणि एक काळं काहीतरी माशीच्या वर घिरट्या घालतंय. मला एका क्षणात कळलं. कौन्सिल! हार्टिगननं टेहळणीला पाठवलंय, मी पाटी रंगवली की नाही ते बघायला! काढली पायातली रबरी चप्पल आणि दिली भिरकावून. वर मूठ दाखवून चार शब्दही ऐकवले, ते तुम्हाला सांगत नाही, तुमच्याबरोबर बाई आहेत. ते यंत्र गेलं पळून. पण चप्पल? चप्पल खाली आलीच नाही! वर गेलेली वस्तू खाली येते हे मी शाळेत शिकलोय. परसू शोधलं, गल्ली शोधली, शेवटी टायनीच्या कुत्र्यावर संशय घेतला. त्याच्या तोंडात हात घालून बघितला. कुत्रा माझ्याशी अजून बोलत नाही.

तर फितूर कोण? झोप उडाली माझी. आम्ही काय करतो ते अर्जेंटिनाला कळतं कसं? आणि मग डोक्यात आलं, सगळ्या जगाशी पत्रव्यवहार कोण करतं? दिवसभर इंटरनेटवर कोण असतं? गेलो ग्रंथालयात. सभासदाचं कार्ड तिच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, ग्वेनिथ, माझ्या बायकोची मैत्रीण म्हणून मी तुझे टिंग-टुंग ऐकून घेतले. पण तिचा शब्द पुसायला निघालीस तू. यापुढे मी येणार नाही. तिनं कार्ड उचललं, बघितलं, आणि ज्या खणात ठेवायचं त्यात न ठेवता आपल्या खिशात ठेवलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माघार घेणाऱ्यातला मी नव्हे.

त्यानंतरचे शुक्रवार कसे काढले माझं मला माहीत. सकाळी दुकानात एकटाच चहा पीत बसायचो, लॅमिंग्टन बुडवून. एकदा आपण होऊन मोठ्यानं म्हटलं, टिंग. मग स्वतःचीच लाज वाटली.

आणि आला प्रदर्शनाच्या आदला दिवस. तोही शुक्रवारच. सकाळी हार्टिगन हजर, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. मी पाटीपुढे उभा राहिलो, हात पसरून. तो म्हणतो, "मर्व्ह, बाजूला व्हा, कायदा आहे." मी म्हणतो, आधी मला रंगव, मग पाटी रंगव. तो खरंच विचारात पडला, बहुतेक त्याबद्दल नियम आहे का ते आठवत होता. तेवढ्यात टायनी धावत आला. टायनी धावतो तेव्हा कपबशा वाजतात. "ग्वेनिथ म्हणते, या. आत्ता." मी म्हटलं, मी नाही येणार. टायनी म्हणाला, "माशीला काहीतरी झालंय. अर्जेंटिनातल्या." मग गेलो. हार्टिगनही आला, डब्यासकट. तुम्ही नसता गेलात?

अख्खं गाव बसलेलं. पडद्यावर नवीन फोटो. तीच माशी, वरून, नवे पंख, नवी सोंड. ग्वेनिथ माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "उजव्या पंखावर काहीतरी पडलंय. मी मोठं करून दाखवते." आणि तिनं मोठं केलं. अजून मोठं केलं.

रबरी चप्पल. निळी. टाचेजवळ कुरतडलेली.

मी उभा राहिलो, पडद्याकडे बोट केलं आणि म्हटलं, "ती माझी चप्पल आहे." सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी म्हटलं, "माझी चप्पल अर्जेंटिनात कशी गेली?"

अहो, खरंच हेच म्हणालो! हसा, हसा, गाव अजून हसतंय. पण त्या क्षणाला माझं डोकं काय काय करत होतं! वाटलं, वाऱ्यानं गेली. वाटलं, कुत्र्यानं नेली. वाटलं, ते अर्जेंटिनावाले रात्री येऊन माशीबरोबर चप्पलही बघून गेले आणि आता तिची नक्कल करून... तोवर टायनी खिडकीपाशी गेला होता. बाहेर रस्त्यापलीकडे आमची माशी. त्यानं मान तिरकी करून बघितलं. मग शिडी घेऊन गेला, माशीवर चढला, आणि तिच्या उजव्या पंखावरून एक हात वर आला. हातात चप्पल! निळी!

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन महिने आम्ही स्वतःशीच शर्यत लावली होती! झालं होतं काय, तर कुणी एक जोडपं जगप्रवासाला निघालेलं, आधी अर्जेंटिना, मग आमचा देश. त्यांनी आमच्या माशीचा वरून काढलेला फोटो चुकून अर्जेंटिनाच्या फोटोंत टाकला. डॉक्टरनं यादीत तसाच चढवला. पुढचे प्रवासी ते गुंऽऽ करणारं कॅमेऱ्याचं यंत्र उडवून आमच्या माशीचे फोटो काढून गेले की घरी जाऊन तोच फोटो शोधायचे आणि आपले नवे फोटो त्याच पानावर डकवायचे. आम्ही पंख लावले, अर्जेंटिनाला पंख फुटले. आम्ही सोंड लावली, अर्जेंटिनाला सोंड आली! आणि ती दीड हात जास्त कशी? तर आम्ही नाकापासून पंखाच्या टोकापर्यंत मोजत होतो आणि तो डॉक्टर फोटोवरून, पुढे आलेल्या पायांपासून. जन्मभर माशा हाकलल्या आम्ही, पण माशी कुठून कुठवर मोजायची हे कुणाला ठाऊक? आणि वरून ती कशी दिसते हे गावात एकानंही बघितलं नव्हतं. वरून आम्हाला कोण बघतंय!

हार्टिगननं रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. म्हणाला, "विधान वस्तुस्थितीला धरून आहे." आणि पहिल्यांदाच नाकातून न बोलता म्हणाला, "अक्षर छान आहे तिचं." मी त्याला सॉसेज रोल दिला. चांगला आहे पोरगा, तुम्ही काही म्हणा.

ग्वेनिथनं तिथल्या तिथं फिनलंडला लिहिलं, की दोन्ही माश्या एकच आहेत, एक काढून टाका. डॉक्टर तत्पर माणूस, लगेच काढली. आमची काढली! मग पुन्हा पत्रं, पुन्हा समजावणं, शेवटी बुरंडिला पहिल्या नंबरावर आलं. हे सगळं होईस्तोवर लोक पांगले. मी आपला माझी चप्पल घ्यायला टेबलापाशी गेलो, तर बाई म्हणते, "ही देता येणार नाही. आजवर मला इंटरनेटवर सापडलेली ही सर्वांत चांगली वस्तू आहे." ठेवली काचेच्या कपाटात, खाली चिठ्ठी लावून! आता कळलं ना, एक निळी, एक हिरवी का ते?

मी म्हटलं, ग्वेनिथ, तुला फितूर म्हणालो. तिनं खिशातून माझं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मग तो पहिला फोटो पुन्हा पडद्यावर लावला, थंडीतला. लाल माती, माशी, आणि कोपऱ्यातलं ते परसू. गोल दोरी. तपकिरी चड्ड्या, ओळीनं. एक टॉवेल.

मी चष्मा लावला आणि पडद्याजवळ गेलो. तुम्हाला सांगतो, चप्पल बघून बसला नव्हता एवढा धक्का तेव्हा बसला. माझंच परसू, माझीच दोरी, आणि मी पहिल्या रांगेत बसून सगळ्या गावाला हसत हसत सांगत होतो, या बिचाऱ्याला कुणी जेवायला बोलवत नसेल.

ग्वेनिथ कुजबुजली, "त्या अर्जेंटिनावाल्याबद्दल तू बोललास, ते मी विसरले नाही. मला त्या दिवशीच वाटलं होतं, असा एक माणूस आपल्या गावातही आहे. पण तो इतका भांडत होता, की बोलवू कसा?" मी कार्ड उचलून खिशात ठेवलं.

"संध्याकाळी ये," ती म्हणाली. "मटण भाजतेय. पुदिन्याचा सॉसही आहे. आणि मर्व्ह, घरी जाऊन उशीचे अभ्रे धू."

तर आता दर शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्याकडे जेवायला. मटण उत्तम करते, खोटं नाही. पण एक आहे, सकाळी गावाला दाखवून झालेलं असतं ना, त्यातलं जे फारच भयंकर म्हणून दाखवता आलं नाही ते सगळं माझ्या ताटाशेजारी! परवा घास तोंडात घेतला आणि ही कानाशी येऊन म्हणते, "मर्व्ह, माशी बसते ना, ती चव पायांनी घेते." माझ्या बटाट्यावर बसलेली होती एक! मी म्हटलं, ग्वेनिथ, हे मला माहीत असायची काही गरज होती का? ती म्हणाली, "नव्हती. पण सांगायला कुणीतरी हवं ना."

दर शुक्रवारी जातो आपला. ऐकतो. अभ्रेसुद्धा धुतो, ते बघा मागच्या दोरीवर, दोन-दोन, फुलाफुलांचे, आकाशातून कुणी बघितलं तरी लाज वाटायला नको. चड्ड्या मात्र... अहो, या उन्हात पापणी लवायच्या आत वाळतील, पण नकोच ते. चड्ड्या मी आता घरात वाळवतो.